जपानच्या शाळेत रुजू होण्याआधी: नव्या शिक्षकांची खरी तयारी

जपानमधल्या शाळेत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून निवड झाली की बहुतेकजण लगेच पाठांच्या तयारीला लागतात. चित्रकार्डे, खेळ, गाणी यांनी एक बॅग भरते. ही तयारी वाया जात नाही, पण तिची घाईही नसते, कारण सुरुवातीचे महिने वर्ग मुख्यतः जपानी शिक्षकाच्या हातात असतो आणि शिकवणे बघत-बघत जमत जाते. माणसे अडतात ती दुसरीकडे: करारातल्या एका कलमाशी, बँक खात्याशी, शिक्षकखोलीतल्या पहिल्या आठवड्याशी, जानेवारीत गारठलेल्या घराशी. म्हणून या लेखात वर्गाबाहेरच्या तयारीला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

करार कोणाशी आहे ते पाहा

सरकारी शाळेत पोचण्याच्या वाटा साधारण तीन. पहिली जेट, म्हणजे जपान सरकारचा १९८७ पासून चालणारा कार्यक्रम. करार एक वर्षाचा असतो आणि नूतनीकरण होत गेले तर एकूण पाच वर्षांपर्यंत राहता येते. दुसरी वाट स्थानिक शिक्षण मंडळाची थेट नोकरी. ती बहुधा आधीच जपानमध्ये असलेल्यांना मिळते. तिसरी, शाळांना माणसे पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांची. चौथी वाट वेगळ्या प्रकारची आहे. तोक्योच्या कोतो आणि एदोगावा भागांत भारतीय शाळा आहेत आणि तिथे भारतातले शिक्षक शिकवतात. त्यांचा वर्ग आपल्याकडच्यासारखाच असतो, पण घर, बँक, कचरा आणि भूकंप यांबद्दल पुढे लिहिलेले त्यांनाही तितकेच लागू आहे.

खासगी कंपनीचा करार असेल तर सही करण्याआधी तीन गोष्टी शोधा. ऑगस्टमध्ये, म्हणजे उन्हाळी सुट्टीत, पगार पूर्ण मिळतो का? आठवड्याचे तास किती लिहिले आहेत? पूर्वी अनेक करारांत ते मुद्दाम तिसाच्या जरा खाली ठेवलेले असत, म्हणजे नोकरदारांच्या आरोग्य व निवृत्तिवेतन विम्यात तुम्हाला घालण्याची जबाबदारी टाळायला वाव राहत असे; ऑक्टोबर २०२४ पासून असा वाव मुख्यतः पन्नासपर्यंत नोकरदार असलेल्या लहान कंपन्यांनाच उरला आहे. आणि करार ‘हाकेन’ आहे की ‘ग्योमु इताकु’? हाकेन म्हणजे मनुष्यबळ पुरवणे. यात शाळेतले शिक्षक तुम्हाला थेट सूचना देऊ शकतात. ग्योमु इताकु म्हणजे कामाचे कंत्राट, आणि त्यात कायद्याने सूचना कंपनीकडूनच यायला हव्यात. वर्गात शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिकेने ‘आता हा उतारा वाचा’ एवढेही सांगणे तिथे नियमात बसत नाही. हे माहीत नसलेल्या नव्या माणसाला वाटते की सहकारी आपल्याशी तुटकपणे वागतात.

मराठी माध्यमात शिकलेल्यांनी आणखी एक अट आधी तपासावी. शाळेत परदेशी भाषा शिकवण्यासाठी ‘शिक्षण’ या प्रकारचा रहिवास परवाना लागतो आणि तो मिळायला पदवीबरोबर त्या भाषेतून किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. जी वर्षे इंग्रजी माध्यमात झाली असतील त्यांचे तसे सांगणारे पत्र शाळा-कॉलेजातून आधीच घेऊन ठेवा. जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत, आपल्याकडची कार्यालये असली पत्रे लवकर देत नाहीत.

निघण्यापूर्वीचे दोन महिने

पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे व्हिसासाठी लागणारा जपानच्या इमिग्रेशन खात्याचा कागद, हातात आले की व्हिसाला उशीर करू नका. त्या प्रमाणपत्राची मुदत साधारण तीन महिन्यांची असते आणि त्या अवधीत तुम्ही जपानमध्ये उतरलेले असायला हवे.

औषधांच्या बाबतीत अजिबात सैल राहू नका. अँफेटामाइन असलेले औषध डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी जपानमध्ये नेता येत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. त्यांच्या प्रमाणावर मर्यादा आहेत आणि ती ओलांडणारे औषध बाळगणे गुन्हा ठरू शकतो. घरातला औषधांचा डबा उचलून बॅगेत टाकायची आपली सवय इथे महागात पडते. प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचा. डॉक्टरांनी लिहून दिलेले नेहमीचे औषध एक महिन्याच्या प्रमाणापर्यंत नेता येते. त्याहून जास्त न्यायचे असेल तर ‘युन्यू काकुनिन-शो’ हे आयात-खातरजमा पत्र निघण्याआधी मिळवावे लागते.

खाण्याच्या सामानाचेही नियम आहेत. मांसाचे पदार्थ चालत नाहीत. ताजी फळे, ताजा कढीपत्ता, धान्य, कडधान्य आणि बिया यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून आंबे आणि तूरडाळ घरीच राहू द्या. कारखान्यात बंद केलेली मसाल्यांची पाकिटे, गोडा मसाला, हिंग हे न्यायला सोपे. मिक्सर मात्र नेऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, त्यावर आपला २३० व्होल्टचा मिक्सर चालत नाही. फोन-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक दोन्हीकडे चालतात. दोन चपट्या पात्यांची पिन तेवढी घ्या. कुकर न्यायचा असेल तर तो इंडक्शनवर चालणारा आहे का ते पाहा.

गावात नेमणूक होण्याची शक्यता असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. भारताने १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला हा परवाना जपानमध्ये जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते, ही मोठी सोय. वर्षानंतर जपानी परवान्यात बदल करून घ्यावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यासाठीची लेखी चाचणी बरीच कडक झाली आहे. तो बदल करताना, मूळ परवाना मिळाल्यानंतर तुम्ही किमान तीन महिने भारतात राहिला होतात हे दाखवावे लागते. म्हणजे निघायच्या आधल्या महिन्यात घाईने काढलेला परवाना पुढे अडचणीचा.

भाषेची तयारी कितीही कमी वेळ असला तरी करा. हिरागाना आणि काताकाना या लिप्या, प्रत्येकी शेहेचाळीस मूळ अक्षरे, महिन्याभरात येतात. मराठी माणसाला यात एक आधार आहे. जपानी अक्षरांचा क्रम आ-इ-उ-ए-ओ आणि पुढे का-सा-ता-ना असा लागतो आणि तो बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अक्षरशिक्षणाच्या प्रभावातून आला. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, विभक्तीसारखे शब्द नामाच्या मागे लागतात. इंग्रजीतून जपानी शिकू नका, मराठीतून विचार करत शिका; निम्मा अडथळा नाहीसा होतो.

पैसे किती न्यावेत? घर तुमच्या नावावर घ्यायचे असेल तर अनामत (शिकिकिन), मालकाला द्यायची आणि परत न मिळणारी रक्कम (रेइकिन), पहिले भाडे, हमीदार कंपनीची फी असे मिळून अनेकदा चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतके पैसे सुरुवातीलाच लागतात. त्यात पहिला पगार यायला महिना, कधी त्याहून जास्त दिवस जातात. शाळेने किंवा मंडळाने घर दिले असेल तर हा भार खूप हलका होतो, म्हणून हा प्रश्न निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

पहिले चौदा दिवस

तोक्योच्या नारिता-हानेदासारख्या मोठ्या विमानतळांवर रहिवासी कार्ड लगेच हातात मिळते. घरात राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत ते घेऊन नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. तिथेच आरोग्य विम्याचे आणि वैयक्तिक क्रमांकाचे काम सुरू होते. विमा लागू झाला की दवाखान्याच्या खर्चातले साधारण तीस टक्के तुम्ही भरायचे.

पुढचा गुंता बँक आणि फोनचा. बँकेला फोन नंबर हवा असतो, फोन कंपनीला बँक खाते. शाळेने नेमून दिलेल्या माणसाला बरोबर घेऊन जा, आणि पोस्टाच्या बँकेपासून सुरुवात करा. गावागावांत तिची शाखा असते. देशात येऊन सहा महिने झाले नसतील तर काही बँका खाते उघडायला नकार देतात. तो तुमच्यावरचा अविश्वास नव्हे, परकीय चलनाच्या नियमांचा परिणाम आहे.

आपल्या नावांची एक खास अडचण आहे. पासपोर्टवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी लांबलचक ओळ असते आणि जपानी अर्जात चौकोन मोजके. शिवाय नाव काताकानात लिहिताना दर कार्यालयात वेगळे होते. कुलकर्णी कुठे ‘कुरुकारुनी’, कुठे ‘कुरुकारुनिइ’. बँकेतले काताकाना आणि पगारपत्रकातले काताकाना जुळले नाही तर पगार परत जाऊ शकतो. पहिल्याच दिवशी एक लेखन ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि सगळीकडे तेच द्या. त्याच लेखनाचा शिक्का बनवून घेतलात तर उत्तम. आता तो सगळीकडे लागत नाही, पण लागतो तिथे लागतोच.

वीज आणि पाणी फोनवर सुरू होते. गॅस सुरू करायला मात्र कंपनीचा माणूस घरी येतो आणि तुम्ही हजर असावे लागते. त्याची वेळ आधीच ठरवली नाही तर पहिले दोन-तीन दिवस गरम पाण्याशिवाय काढावे लागतात.

कचऱ्याला हलके समजू नका. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, डबे, कागद, प्रत्येकाचा वार ठरलेला असतो आणि तो सकाळी, बहुधा आठच्या आत, ठरल्या जागी ठेवायचा. अनेक गावांत त्यासाठी विकत घ्यायच्या पिशव्याही ठरलेल्या असतात. चुकीची पिशवी उचलली जात नाही, ती तिथेच पडून राहते. लहान गावात नवा परदेशी शिक्षक कोणता हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे पिशवी कोणाची हेही कळते. नगर कार्यालयातून कचऱ्याचे कॅलेंडर घ्या आणि फ्रिजवर लावा.

शिक्षकखोली

नव्या शिक्षकाची परीक्षा इथे होते. जपानी शाळेत सगळे शिक्षक एकाच मोठ्या खोलीत बसतात, प्रत्येकाचे टेबल ठरलेले. सकाळी छोटी बैठक होते. ती तुम्हाला कळत नसली तरी उभे राहून, वही उघडून ऐकायची. आत येताना मोठ्याने ‘ओहायो गोझाइमास’, दुसऱ्यांच्या आधी निघताना ‘ओसाकिनी शित्सुरेइ शिमास’, दिवसभर दमलेल्या सहकाऱ्याला ‘ओत्सुकारेसामा देस’. ही तीन वाक्ये रोज, प्रत्येकाला ऐकू जातील अशी म्हणा. जपानी कच्चे असले तरी चालते, अभिवादन गाळलेले मात्र लक्षात राहते.

दारात बाहेरचे बूट काढून आतले बूट घालायचे. ते भारतातून न्या, विशेषतः तुमचा पाय मोठा असेल तर, कारण लहान गावातल्या दुकानात मोठ्या मापाचे बूट मिळणे कठीण.

अडचण आली तर कोणाकडे जायचे? मुख्याध्यापक शाळेचा चेहरा असतात, पण रोजचा कारभार उपमुख्याध्यापकांच्या, म्हणजे ‘क्योतो-सेन्सेइ’च्या हातात असतो. रजा, आजारपण, गाडीला झालेला किरकोळ अपघात, सगळे आधी त्यांना कळवा, आणि लगेच कळवा. आपल्याकडे छोटी गोष्ट आपणच निस्तरून मग सांगण्यात शहाणपण मानतात. तिथे निस्तरण्याआधी सांगणे अपेक्षित असते. उशिरा सांगितले तर सहकाऱ्यांना वाटते की त्यांना अंधारात ठेवले. पाच मिनिटे उशीर होणार असला तरी फोन करा.

वार्षिक रजा तुमच्या हक्काची आहे, तरी चाचणी परीक्षा किंवा क्रीडादिनाच्या आठवड्यात ती मागू नका. शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. मोठ्या सुट्ट्या जुलैअखेर ते ऑगस्ट, वर्षअखेर आणि मार्चअखेर. भारतात यायचे असेल तर याच काळात. गणपतीचे दिवस बहुधा सप्टेंबरच्या सत्रात सापडतात. तोक्योत मराठी मंडळी गणेशोत्सव करतात, तिथे शनिवार-रविवारी जाणे सोपे.

सुट्टीहून परत येताना शिक्षकखोलीसाठी खाऊ आणायची पद्धत आहे. एकेक वेगळा गुंडाळलेला असावा, म्हणजे टेबलांवर ठेवता येतो. सुट्या बर्फीचा डबा उघडून फिरवणे तिथे सोयीचे नाही.

जेटचे नवे शिक्षक बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये पोचतात, शाळा बंद असताना. महिनाभर टेबलाशी बसावे लागते आणि अनेकांचा धीर इथेच सुटतो. हा वेळ वापरा. शिक्षकखोलीचा बैठक-नकाशा मागून घ्या आणि नावे पाठ करा, पाठ्यपुस्तके वाचून काढा, दुपारी क्रीडा सराव चालतो तिथे जाऊन उभे राहा. वर्ग भरायच्या आधीच मुले तुम्हाला ओळखू लागतात.

वर्गात पहिले दिवस

प्राथमिक शाळेचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास ओळखीचे उपक्रम. प्राथमिक शाळेत इंग्रजी घेणारे अनेक वर्गशिक्षक त्या विषयाचे तज्ज्ञ नसतात आणि त्यांना तुमची खरोखर गरज असते. त्यांच्या चुका मुलांसमोर दुरुस्त करू नका. तास संपल्यावर, एकटे असताना, विचारल्यास सांगा.

पहिला पाठ स्वतःच्या ओळखीचा. तोच पाठ तुम्ही प्रत्येक वर्गात घेणार, म्हणून तो घट्ट बांधा. माझा आराखडा असा: पाच मिनिटे नकाशा आणि फोटो, मग वस्तू हातोहात फिरवायच्या (नोटा, शाळेचे पुस्तक, देवनागरीत लिहिलेली नावे), मग मुलांनी जोडीत ओळखायचे प्रश्न, आणि शेवटी प्रत्येक मुलाचे नाव तुम्ही देवनागरीत लिहून द्यायचे. हे शेवटचे फार चालते. शाळा ओकायामा भागात असेल तर पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान जरूर दाखवा. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर, दोन शहरांच्या मैत्रीतून उभे राहिले आहे.

माध्यमिक वर्गात प्रश्न विचारला की शांतता पसरते. मुलांना येत नसते असे नाही. सगळ्यांसमोर एकट्याने चुकायचे नसते. आधी जोडीत बोलू द्या, मग विचारा. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हिवाळ्यात उच्च माध्यमिकच्या प्रवेश परीक्षेत गुंतलेले असतात, त्या दिवसांत खेळ बाजूला ठेवून मुख्य शिक्षकाला काय हवे ते करा.

आपल्या उच्चारांची लाज वाटून अमेरिकन ढंग आणायचा प्रयत्न करू नका. स्पष्ट, संथ, स्वतःचे इंग्रजी बोला. जगात इंग्रजी अनेक तऱ्हांनी बोलले जाते हे त्या मुलांना तुमच्यामुळेच कळणार आहे.

डबा

शाकाहारी असाल तर हे रुजू होण्याआधीच कळवा. शाळेत दुपारचे जेवण मुलांबरोबर वर्गात घ्यायचे असते. सूप आणि भाज्यांत सुक्या बोनितो माशाचा अर्क, ‘दाशी’, जवळजवळ नेहमी असतो. करीच्या वड्यांत गोमांसाची चरबी असू शकते. ‘मांस खात नाही’ एवढे सांगितले तर मासा समोर येतो. मांस, मासे, दाशी, जिलेटिन अशी यादी जपानीत लिहून द्या. महिन्याचा जेवणाचा तक्ता आधी मिळतो, त्यावरून कोणत्या दिवशी काय चालेल ते ठरवता येते. पूर्ण डबाच नेणार असाल तर पहिल्या महिन्यापासून तसे सांगा, म्हणजे जेवणाचे पैसे कापले जाणार नाहीत. डबा वर्गात, मुलांबरोबरच खा. डाळी-मसाले तोक्योत निशि-कासाई आणि शिन-ओकुबोत मिळतात. दूर असाल तर पोस्टाने मागवता येतात.

भूकंप

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी शोधा: घराजवळची आश्रयाची जागा, समुद्र जवळ असेल तर उंच जागेकडे जाणारा रस्ता, आणि शाळेत धक्का बसला तर तुमची नेमकी जबाबदारी कोणती. जपानी हवामान संस्थेचे मोजमाप, ‘शिंदो’, शून्यापासून सातपर्यंत असते आणि ते तुमच्या ठिकाणी जमीन किती हलली ते सांगते. आपण बातम्यांत ऐकतो त्या रिश्टरशी त्याची गल्लत करू नका. मुलांना ‘ओ-हा-शि-मो’ शिकवलेले असते: ढकलू नका, धावू नका, बोलू नका, परत फिरू नका. सरावात तुम्हीही ते पाळा. १ सप्टेंबर, १९२३ च्या कांतो भूकंपाचा दिवस, आपत्ती निवारण दिन म्हणून पाळतात आणि त्या सुमारास अनेक शाळांत सराव होतो.

२०११ च्या त्सुनामीत जेटचे दोन शिक्षक गेले, इशिनोमाकीत टेलर अँडरसन आणि रिकुझेनताकातात माँटी डिक्सन. समुद्राजवळच्या शाळेत असाल तर जोराचा धक्का थांबताच उंचावर जा आणि इशारा मागे घेतला जाईपर्यंत खाली येऊ नका. घरात पाणी, बॅटरी, पासपोर्टची प्रत आणि थोडे रोख पैसे एका पिशवीत दाराशी ठेवा. पोलिसांना ११०, रुग्णवाहिका आणि आगीला ११९.

थंडी आणि एकटेपणा

ग्रामीण घरांत सगळे घर गरम ठेवायची सोय नसते. केरोसीनचा हीटर वापरलात तर अधूनमधून खिडकी उघडा आणि झोपताना तो बंदच करा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. जूनमधल्या पावसात भिंतींना आणि कपड्यांना बुरशी धरते, कोकणातल्यांना हे सांगायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मन खचण्याचा काळ असतो. त्याआधीच शाळेबाहेरचे एक ठिकाण जोडा, तायको ढोलांचा गट, बॅडमिंटन, पाककृतीचा वर्ग, काहीही. इंग्रजीतून बोलून मदत हवी असेल तर ‘टेल’ या संस्थेची दूरध्वनी सेवा आहे.

दुसरे वर्ष आणि परतीची कागदपत्रे

नूतनीकरणाचा निर्णय हिवाळ्यातच द्यावा लागतो, नेमके मन उतरलेले असताना. शक्य असेल तर निर्णयाआधी शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याशी बोला. पैशाचा एक हिशेबही आधी करा: स्थानिक रहिवास कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तो जाणवत नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून हातात येणारा पगार कमी होतो.

परत निघण्याआधी पत्ता रद्द करा, बँकेचे व्यवहार मिटवा आणि एक करप्रतिनिधी नेमा. किमान सहा महिने निवृत्तिवेतनाचा हप्ता भरला असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो. नोकरदारांच्या योजनेतून मिळणाऱ्या परताव्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो आणि तो परत मिळवण्याचे काम हा करप्रतिनिधी करतो. पण अर्जाआधी एक गोष्ट तपासा. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, आणि दोन्ही देशांतला सेवाकाळ निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी जोडता येतो. परतावा घेतला की जपानमधला तेवढा काळ त्या हिशेबातून पुसला जातो. पुढे पुन्हा जपानमध्ये जायचा विचार असेल, तर अर्ज भरण्याआधी तिथल्या निवृत्तिवेतन कार्यालयात परतावा आणि पुढचे निवृत्तिवेतन असे दोन्ही आकडे मांडून घ्या.